न वापरलेली नावं

ऑफिसात तिला सगळे नियमबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटतही नसे. स्वभावानं कडक होती म्हणून हे नाव पडलं नव्हतं. तिचं कामच नियम लिहायचं होतं.

कंपनी पार्सलं पोचवायची. खाली गोदामात लांबच लांब पट्टा फिरे, त्यावरून खोकी येत, आणि प्रत्येक खोक्यावर एक चिठ्ठी चिकटे: हे कुठल्या दाराला जायचं, कुठल्या गाडीत चढायचं, माणसांनी उचलायचं की यंत्रानं. चिठ्ठीवर काय छापायचं ते कॉम्प्युटरमधले नियम ठरवत. काचेचा माल आणि पत्ता नदीपलीकडचा, तर तिसरं दार. औषधं असतील तर थंड गाडी. असे हजारो नियम. ती एका तक्त्यात ओळी भरी, आणि एक साचा त्या ओळींचे नियम पाडी. मूर्तिकाराच्या साच्यातून मूर्ती निघाव्यात तसे.

हा साचा ज्यानं बनवला त्या गृहस्थाला सगळं ऑफिस साचेकाका म्हणे. वरच्या मजल्यावरच्या त्या लहानशा खोलीत दोघांनी नऊ वर्षं शेजारी शेजारी बसून काम केलं होतं. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. त्यांच्या टेबलावर हळूहळू कागदाची खोकी आली, मग बिघडलेला पंखा आला, मग कोणाची तरी छत्री. खुर्ची मात्र तशीच राहिली. साफसफाईवाली रोज तीही पुसून जाई.

घरीही तिचं असंच होतं. आई गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी. धाकटा भाऊ दुसऱ्या गावी, त्याचा आठवड्याला फोन येई. "सगळं ठीक ना गं ताई?" तो विचारी. "ठीक," ती म्हणे. मग भावजय येई फोनवर, तीही विचारी, सगळं ठीक ना. ठीकच असायचं सगळं. कोणाशी भांडण नाही, कसलं दुखणं नाही. कधी कधी शनिवारी संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलताना तिच्या लक्षात येई, की आपला आवाज आज पहिल्यांदाच बाहेर पडतोय. घसा साफ करून मग बोलावं लागे.

तर त्या वर्षी पट्टा अडायला लागला. खोकं चिठ्ठ्या छापणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी येई आणि चिठ्ठी काही निघत नसे. पट्टा थांबे, मागची खोकी एकमेकांवर चढत, खाली आरडाओरडा होई. वर बैठका झाल्या. साहेब नवे होते, तरुण होते, वाईट नव्हते. पण त्यांना सगळ्याची घाई असे. त्यांनी सांगून टाकलं, नियम चालवणारं मशीन जुनं झालंय, नवं मोठं मशीन मागवू.

"साहेब, मला वाटतं नियमांतच कुठंतरी अडतंय," ती म्हणाली.

"बघा ना तुम्हीपण," साहेब म्हणाले. "दोन्हीकडून बघू. हरकत काय आहे?"

ती खाली गोदामात गेली. वर्षानुवर्षं नियम लिहीत होती, पण पट्ट्याजवळ ती फारशी कधी गेली नव्हती. गोदामाचा मुकादम, पांढऱ्या मिशांचा उंच माणूस, तिला बघून म्हणाला, "या बाई, बघा आमची जत्रा." तिनं विचारलं, गर्दीच्या वेळी अडतं का? तो म्हणाला, "तेच तर डोकं फिरवतंय. सकाळी ढीगभर माल असतो तेव्हा कसंबसं चालतं. दुपारी चार खोकी असतात, गाड्या सगळ्या बाहेर, आणि तेव्हाच हे बसकण मारतं. सगळाच उलटा कारभार."

ती दुपार तिनं पट्ट्याजवळ उभं राहून काढली. माल कमी, तरी अडतंय. गाड्या बाहेर, तेव्हा अडतंय. वर येताना जिन्यातच थांबली. गाड्यांवर नवी यंत्रं बसवली होती त्या वर्षी. गाडी कुठं आहे ते दर दोन-चार मिनिटांनी कळावं म्हणून. आणि गाडी हलली की गाडीतल्या प्रत्येक पार्सलची 'जागा' बदलत होती.

मग तिनं साचा उघडला. उघडायची तशी कधी वेळच आली नव्हती. तो साचेकाकांचा होता आणि तो चालत होता. प्रत्येक नियमाच्या सुरुवातीला साचा पार्सलच्या एकेका गोष्टीला एकेक नाव बांधत होता. वजनाला एक, पाठवणाऱ्याला एक, किमतीला एक, सध्याच्या जागेला एक. चौदा नावं. आणि नियम बिचारा त्यातली दोन वापरायचा, फार तर तीन. बाकीची खायला काळ नि भुईला भार.

नुसती पडून राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण या यंत्रणेची गोम अशी, की नियमानं एखाद्या गोष्टीला नाव दिलं म्हणजे त्या गोष्टीकडे त्याचं लक्ष आहे असं ती धरून चाले. ती गोष्ट बदलली की नियमाला हलवून उठवी: बघ बाबा, तुझं काही आहे का? नियम उठे, तपासून पाही, आपलं काही नाही म्हणून पुन्हा आडवा होई. पूर्वी पार्सलची जागा दिवसातून चारदा बदलायची, नियमही होते चाळीस-पन्नास. कोणाला पत्ताही लागला नसता. आता शहरभर हजारो खोकी फिरत होती, आणि एकेका वळणावर एकेका खोक्यासाठी हजारो नियमांची झोपमोड चालली होती. त्यांच्या उठण्याबसण्यात मशीन एवढं दमायचं की पट्ट्यावर समोर उभ्या खोक्याची चिठ्ठी छापायला त्याला सवड उरत नसे.

तिनं नियमांची एक प्रत आपल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर घेतली. साच्यात बदल केला: ओळीत जे रकाने खरोखर भरलेले असतील तेवढ्यांचीच नावं बांध, बाकीची सोड. नियम पुन्हा पाडले. दिवसभराचा माल आणि गाड्यांचं फिरणं त्यात ओतलं आणि बटण दाबलं. आधी एका चिठ्ठीला चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवण्याएवढा वेळ लागायचा. आता बटणावरचं बोट उचलायच्या आत चिठ्ठी पडद्यावर हजर.

ती मोठ्यानं हसली. आणि हसत हसतच मान वळवून शेजारी पाहिलं. तिथं कागदाची खोकी होती, पंखा होता, छत्री होती.

बदल तिनं रीतसर साहेबांकडे पाठवला, दीड पान लिहून, कारणासकट. मिनिटाभरात 'मंजूर' आलं. दीड पान मिनिटाभरात वाचून होत नाही. शनिवारी संध्याकाळी शेवटची गाडी सुटल्यावर तिनं नवे नियम चढवले. रविवारी सुट्टीच्या दिवशी नवं मशीन बसवायला माणसं आली, ते तिला सोमवारी कळलं.

सोमवारी पट्टा पाण्यासारखा वाहिला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते म्हणतात, ती अशी. दुपारी साहेबांनी सगळ्यांना खाली बोलावलं, केक कापला, मशीन बसवणाऱ्यांसाठी टाळ्या झाल्या. ती पुढे होऊन म्हणाली, "साहेब, ते मशीनमुळे नाही झालं."

"अहो, एकट्या मशीनमुळे कधी होतं का काही?" साहेब मनापासून म्हणाले. "तुम्हा सगळ्यांची मेहनत आहे. घ्या, केक घ्या."

तिनं केक घेतला. चांगला होता.

संध्याकाळी तिनं स्वतःहून भावाला फोन लावला. तो घाबरलाच. "काय गं ताई? बरी आहेस ना?" ती म्हणाली, बरी आहे, एक गंमत सांगायचीय. आणि ती सांगत सुटली: नियम, नावं, झोपमोड. भाऊ गुणी होता, त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे तू कॉम्प्युटर दुरुस्त केलास."

"तसंच काहीसं."

"मस्त! पगार वाढवतील का?"

"बघू," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खाटेवर बसून राहिली. मानपानाचं तिला फारसं नव्हतं. टाळ्या मशीनला पडल्या तर पडोत. पण हे जे सापडलं, ते किती सुरेख होतं, हे कळणारं माणूस पाहिजे होतं एक. तिनं मनातल्या मनात सगळी माणसं धुंडाळली. एकच सापडलं. आणि पंचाईत ही होती, की चूक त्याचीच होती.

आणखीही एक होतं. साचेकाकांच्या निरोपाच्या दिवशी ती आईला घेऊन दवाखान्यात होती. उद्या फोन करू म्हणाली. मग आई गेली. मग महिना गेला, वर्ष गेलं, आणि आता कुठल्या तोंडानं करायचा असं झालं. तीन वर्षांनी जाऊन काय सांगायचं, तर तुमचा साचा रद्दी होता?

तरी सुट्टीच्या दिवशी ती गेली. दोन बस बदलून, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. घर भरलेलं होतं: दोन पोरं, टीव्ही, वाळत घातलेले कपडे, कुकरची शिट्टी. "बाबा, तुमच्याकडे आल्यात कोणी," सून म्हणाली, आणि हळूच तिला म्हणाली, "बरं झालं आलात. दिवसदिवस बोलत नाहीत हो."

साचेकाका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. वाळले होते. तिला पाहून उठायला लागले.

"बसा, बसा."

"बाई! तुम्ही कुठे वाट चुकलात?"

चहा आला. आईचं त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. मग तीच म्हणाली, "तुमच्या निरोपाला मी नव्हते. नंतर तरी यायला पाहिजे होतं."

"आई दवाखान्यात होत्या तुमच्या. आणि त्या गेल्यावर यायला मला तरी कुठं झालं? पत्ता नव्हता, असं मी घरात सांगितलं. पत्ता होता."

तिनं पट्ट्याचं सुरू केलं. माल असताना चालतो, नसताना अडतो. साचेकाकांनी कप खाली ठेवला.

"थांबा, सांगू नका. गाड्या बाहेर असताना अडतो?"

"हो."

"गाड्यांवर काही बसवलंय नवीन? कुठं आहे ते सांगणारं?"

"हो," ती म्हणाली. ओठांवरचं हसू तिला आवरेना.

"मेलो!" त्यांनी कपाळावर हात मारला. "सगळे जागे होतायत! जागा बदलली की एकूण एक नियम उठून बसतोय!" आणि ते हसायला लागले, खांदे हलेपर्यंत. पोरं टीव्ही सोडून बघायला लागली. "काढलीत नावं? मग? किती फरक पडला?"

तिनं चहाच्या घोटाचं सांगितलं, बटणावरच्या बोटाचं सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. केवढी तरी वर्षं झाली होती तिला कोणाला काही सांगताना समोरच्याचं डोकं आपल्याआधी धावताना पाहून. दोन बस बदलल्याचं चीज झालं असं तिला वाटलं.

मग त्यांचं हसू ओसरलं. ते खिडकीबाहेर पाहू लागले.

"म्हणजे लोक इतके दिवस माझ्या नावानं खडे फोडत असतील."

"छे हो," ती घाईनं म्हणाली, "तुमचं नाव आता तिथं कोणाला माहीतसुद्धा नाही."

बोलून गेली आणि जीभ चावली. साचेकाकांनी मान डोलावली, एकदा, दोनदा. स्वयंपाकघरात कुकर पुन्हा शिट्टी मारून गप्प झाला.

"उगाच नव्हती घातली ती नावं," ते म्हणाले. "आठवतं तुम्हाला? दर आठवड्याला तुम्ही यायचात, काका, अजून एक रकाना हवाय. रकाना वाढला की साचा बदला, साचा बदलला की सगळं पुन्हा तपासा. तुम्हाला पाचची बस असायची. आई घरी एकट्या. तुम्ही घड्याळाकडे बघायचात आणि काही बोलायचा नाहीत. मग एका दिवशी म्हटलं, हे एकदाच काय ते करून टाकू. पुढेमागे लागतील तेवढ्या सगळ्या गोष्टींची नावं आधीच बांधून ठेवली. तुम्हाला परत थांबायला लागलं नाही."

तिला आठवलं. एका वर्षी अचानक काम सोपं झालं होतं. रोज पाचच्या बसला खिडकीची जागा मिळे. तिला वाटलं होतं, आपला हात बसला.

"तुम्ही बोलला नाहीत कधी."

"बोलायचं काय त्यात? काम होतं." मग एकदम कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं, "सगळीच काढलीत?"

"नियमात जी वापरलेली नाहीत ती सगळी."

"हं," ते म्हणाले. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं असं तिला वाटलं, पण धाकटा नातू येऊन त्यांच्या मांडीवर चढला, सून ताटं मांडू लागली, जेवून जा म्हणाली. ती नको म्हणाली. दारापर्यंत साचेकाका आले. "बरं केलंत," म्हणाले. येऊन बरं केलंत, की नावं काढून, ते तिला कळलं नाही. परतीच्या बसमध्ये ती तेच घोळवत बसली आणि आपला थांबा चुकली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ऑफिसातला तिच्या टेबलावरचा फोन वाजला. तो इतका क्वचित वाजे की पहिल्यांदा तिला तो शेजारच्या खोलीतला वाटला.

"बाई, मी बोलतोय. वजनाचं नाव काढलंत?"

"काढलं. फक्त थोडे नियम ते तपासतात, त्यांच्यात ठेवलं."

"उचलायच्या नियमात?"

तिनं पडद्यावर पाहिलं. यंत्रानं उचला की माणसांनी, हे ठरवणारा नियम स्वतः वजन बघत नव्हता. ते गणित दुसरीकडे होत होतं. नियम फक्त त्याला विचारत होता. म्हणून तक्त्यात वजनाचा रकाना रिकामा, म्हणून नाव काढलेलं.

"नाही तिथं," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच खुर्चीवरून उठली.

"तेवढा एक नियम वजनाच्या हाकेवरच उठायचा हो. खोकं पुन्हा काट्यावर चढवलं, वजन बदललं, की तो उठून पुन्हा विचारायचा. आता त्याला उठवणारं कोणी नाही. परवाच मनात आलं होतं, पण मधेच पोरं आली, विषय राहून गेला. काल बसून सगळं पुन्हा डोक्यात चालवून पाहिलं."

ती धावतच खाली गेली. मुकादम दुसऱ्या दाराजवळ उभा होता, आणि त्याच्या पायाशी एक हमाल पालथ्या पेटीवर कंबर धरून बसला होता. शेजारी एक खोकं. त्यावर चिठ्ठी: माणसांनी उचला. पत्त्याखाली पाठवणाऱ्यानं सांगितलेलं वजन, आणि शेजारी पेननं लिहिलेलं खरं वजन त्याच्या दुप्पट.

"आठ-दहा दिवसांत अशी दोन-तीन आली," मुकादम म्हणाला. "आम्हाला वाटलं काटा बिघडला."

"काटा बरोबर आहे. चूक माझी आहे," ती म्हणाली. हमालाजवळ वाकून तिनं विचारलं, "फार लागलं का?"

"चमक भरलीय नुसती," तो म्हणाला. "दोन दिवस शेकलं की बसेल." त्याला तिचं बोलणं काही कळलं नव्हतं, वरच्या मजल्यावरची बाई आपल्याकडे का अशी बघतेय तेही नाही. तिनं त्याला पाणी आणून दिलं. मुकादमाला सांगितलं, मी सांगेपर्यंत पुन्हा वजन केलेली सगळी खोकी यंत्रावर घाला.

वर येऊन तिनं त्या एका नियमात वजन पुन्हा बांधलं. मग बाकीचे नियम एकेक करून उघडले, अशी अजून कुणाची हाक आपण तोडली नाही ना ते पाहत. आणखी नव्हती कुणाची. साहेबांना सांगायला गेली तर ते फोनवर होते. हात वर करून त्यांनी विचारलं, "आता चालू आहे ना?" ती म्हणाली, चालू आहे. "मग झालं तर," ते म्हणाले आणि परत फोनकडे वळले.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच तिनं साचेकाकांना फोन लावला. दुसराच आवाज आला. मुलगा होता त्यांचा.

"बाबा झोपलेत हो. आज जरा दमले. काही निरोप?"

तिला पुष्कळ काही सांगायचं होतं. हमालाचं सांगायचं होतं. पाचच्या बसचं सांगायचं होतं.

"वजन परत बांधलं म्हणून सांगा," ती म्हणाली.

"वजन... बांधलं?"

"हो. परत बांधलं. आणि बाकीचे सगळे नियम बघितले, दुसरं कुठं नाही, म्हणावं."

"दुसरं कुठं नाही," त्यानं लिहून घेत असल्यासारखं म्हटलं. "कोण बोलतंय सांगू?"

नऊ वर्षं शेजारी बसून त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"ऑफिसातल्या बाई," ती म्हणाली.

फोन ठेवून तिनं दिवा लावला, सकाळची पोळी होती ती गरम केली, आणि ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ली. साचेकाकांचा फोन त्या आठवड्यात आला नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे जावं म्हणून ती आवरून बसली, मग एकटीच बाजारात जाऊन आली.